जुन्या एमपीएफआय गाडीला घरचा ईसीयू: जोडणीपासून ट्युनिंगपर्यंत, मराठवाड्याच्या उन्हाचा हिशेब धरून

पहिल्या पिढीच्या एमपीएफआय (प्रत्येक सिलेंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाड्या आता वीस-पंचवीस वर्षांच्या झाल्या. एस्टीम, झेन, जिप्सी. इंजिन ठणठणीत असतं, पण ईसीएमच्या, म्हणजे इंधन आणि ठिणगी सांभाळणाऱ्या संगणकाच्या पेटीत ओल शिरलेली असते किंवा इंजेक्टरचा ड्रायव्हर (तो चालवणारा सर्किटचा भाग) जळालेला असतो. नवी पेटी सहज मिळत नाही, भंगारातून आणली तर तीही तितकीच म्हातारी निघते. मग गाडी शेडमध्ये उभी राहते आणि हळूहळू तिच्यावर कडब्याच्या पेंढ्या रचल्या जातात.

अशा गाडीला स्वतः ईसीयू (ईसीएमचंच दुसरं नाव) बांधता येतो. त्यासाठी इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. मल्टिमीटर नीट वापरता यायला हवा, क्रिंपिंगचा हात बसलेला हवा आणि घाई नसावी. या कामात बहुतेक जण लॅपटॉप फार लवकर उघडतात. गाडी मिसिंग करतेय म्हणून सॉफ्टवेअरच्या टेबलमधले (तक्त्यातले) आकडे बदलत बसतात आणि दोष असतो अर्थच्या (अर्थिंगच्या) वायरमध्ये. म्हणून या लेखातला निम्म्याहून जास्त भाग ट्युनिंगच्या आधीच्या कामाचा आहे.

उदाहरणाला १२९८ सीसीचं चार सिलेंडरचं मारुती इंजिन घेतलंय, कारण पंप, रेल (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी), इंजेक्टर, थ्रॉटल बॉडी सगळं आधीच बसलेलं मिळतं. कार्ब्युरेटरच्या गाडीवरही हेच करता येतं, पण तिथे जास्त दाबाचा पंप, तो दाब सोसणारे पाइप, परतीची लाइन आणि इंजेक्टर बसतील असं मॅनिफोल्ड नव्याने उभं करावं लागतं. पहिल्याच खेपेला त्या भानगडीत पडू नये.

कायद्याचं आत्ताच सांगून टाकतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ने गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मर्यादा घातल्यात आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या बाबतीत कडक भूमिका घेतली. रस्त्यावर फिरणारी गाडी असेल तर आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला कळवा, पीयूसीत बसेल इतपत धूर स्वच्छ ठेवा. शेतातली, ट्रॅकवरची किंवा कॉलेजच्या टीमने फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धेसाठी बांधलेली गाडी असेल तर हा प्रश्न येत नाही.

बोर्ड कोणता

हा छंद जगभर पसरवला तो मेगास्क्वर्ट नावाच्या घरी जोडायच्या ईसीयूने. अमेरिकेतल्या ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिप्पो यांनी २००१ च्या सुमारास तो लोकांसमोर आणला. पुढे ऑस्ट्रेलियाच्या जॉश स्टुअर्टने अर्डुइनो मेगा २५६० वर चालणारा स्पीडुइनो सुरू केला. एसटीएम ३२ चिपवरचा रसईएफआय तिसरा. ताकदीने मोठा, पण पहिल्यांदा करणाऱ्याला त्याचा पसारा झेपेलच असं नाही.

मी स्पीडुइनोच सुचवेन. फर्मवेअर खुलं आहे, बोर्डाचा नकाशा खुला आहे, आणि मेगा बोर्ड आपल्याकडे कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. स्वस्त क्लोन चालतो. फक्त दोन घेऊन ठेवा. ट्युनिंगसाठी लॅपटॉपवर ट्युनरस्टुडिओ लागतं. त्याची फुकटची आवृत्ती शिकायला पुरते. टेबल आपोआप सुधारून देणारी सोय मात्र पैसे भरलेल्या आवृत्तीतच आहे.

पैसे वाचवायचे नाहीत अशी एक जागा आहे: वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर. बॉशचा एलएसयू ४.९ आणि त्याचा कंट्रोलर. बोर्डापेक्षा महाग पडतो. गाडीचा मूळ नॅरोबँड सेन्सर मिश्रण जाड (पेट्रोल जास्त) की पातळ (पेट्रोल कमी) एवढंच सांगतो, किती ते सांगत नाही, आणि त्या ‘किती’शिवाय ट्युनिंग म्हणजे अंदाजपंचे.

आधी इंजिन, मग इंजेक्टर

कॉम्प्रेशन चारही सिलेंडरचं मोजा. आकड्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर आधी हेडचं काम करा. ईसीयू ते झाकू शकत नाही. मॅनिफोल्डचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्हीची (क्रँककेसमधली वाफ ओढणारी) नळी यांतून हवा शिरत नाही ना ते पाहा. उन्हात कडक होऊन तडकलेल्या रबरी नळ्या सरळ बदला. फ्युएल प्रेशर गेजने मोजा. रेग्युलेटरची व्हॅक्युम नळी काढल्यावर साधारण ३ बार असायला हवा.

इंजेक्टर चारही काढून क्लिनिंग मशीनवर न्या. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर इथल्या मोठ्या गॅरेजांत ते असतं. त्याच्या काचेच्या नळ्यांत एका मिनिटात किती सीसी पडलं ते प्रत्येक इंजेक्टरचं वेगळं लिहून घ्या. चौघांत पाच टक्क्यांपेक्षा जास्त तफावत नको. त्याच वेळी इंजेक्टरचा रोध मोजा. १२ ते १६ ओहम आला तर बोर्ड तो थेट चालवतो. २-३ ओहम आला तर वेगळी व्यवस्था लागेल.

हा प्रवाहाचा आकडा पुढच्या सगळ्या गणिताचा पाया आहे, म्हणून एकदा हाताने सोडवून पाहू. १२९८ सीसी भागिले चार म्हणजे सिलेंडरमागे सुमारे ३२५ सीसी हवा, वजनाने अंदाजे ०.३८६ ग्रॅम. आज पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला एका ग्रॅममागे साधारण १३.५ ग्रॅम हवा लागते, शुद्ध पेट्रोलला १४.७. म्हणजे ०.०२८६ ग्रॅम इंधन, घनफळात ०.०३८ सीसी. इंजेक्टर मिनिटाला २०० सीसी देत असेल तर तेवढ्यासाठी तो ११.५ मिलिसेकंद उघडा राहायला हवा. ६००० आरपीएमला एक पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांत संपतं. ११.५ त्यात आरामात बसतात. मशीनवर तुमचा इंजेक्टर १५० सीसीच निघाला तर हाच वेळ १५ मिलिसेकंदांच्या पुढे जातो; चालेल, पण काठावर. ट्युनरस्टुडिओ हा आकडा एका बटणावर काढून देतं. तरी कागदावर एकदा काढलेला असला की पुढे काही विचित्र दिसल्यावर कुठे बोट ठेवायचं ते कळतं.

क्रँकचं चाक

ईसीयूला क्रँकशाफ्ट नेमका कुठे आहे हे कळलं नाही तर बाकी सगळं व्यर्थ. मूळ सेन्सर वापरता येतो, पण प्रत्येक मॉडेलची तऱ्हा वेगळी. मी सरळ क्रँक पुलीवर ३६ वजा १ दात्यांचं चाक बसवायला सांगतो: ३६ दात्यांची जागा, त्यातला एक गायब.

वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या एमआयडीसीत लेसर कटिंगवाल्याला ड्रॉइंग दिलं की माइल्ड स्टीलचं चाक कापून मिळतं. लहान ऑर्डर म्हणून तो कुरकुर करेल. दोन-तीन मित्रांची मिळून द्या. दीडशे मिलिमीटर व्यासाच्या चाकावर दोन दात्यांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत १३ मिलिमीटरच्या आसपास येतं, म्हणजे दाता आणि खाच प्रत्येकी साडेसहा. जाडी निदान ३ मिलिमीटर. मधलं भोक आणि पुलीवरची बैठक मात्र लेथवरच करून घ्या, कारण चाक डगमगलं तर सेन्सरशी असलेलं अंतर प्रत्येक फेरीत बदलत राहतं. हे अंतर ०.८ ते १ मिलिमीटर ठेवा. ब्रॅकेट जाड पट्टीचं आणि थेट इंजिन ब्लॉकला. चॅसिसला लावाल तर इंजिन हललं की टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, हललं.

सेन्सर हॉल प्रकारचा घ्या. व्हीआर (चुंबक आणि गुंडाळीच्या) सेन्सरलाही हरकत नाही, पण त्याला कंडिशनर (सिग्नल साफ करणारं सर्किट) लागतो आणि त्याच्या दोन वायरी उलट जोडल्या तर आरपीएम वाढेल तसं टायमिंग सरकत जातं. हा दोष शोधताना भलेभले थकतात.

इग्निशनला वेस्टेड स्पार्क (दोन सिलेंडरना एकदम ठिणगी) पुरे: १ आणि ४ एकत्र, २ आणि ३ एकत्र. कॅम सेन्सरची गरज नाही. स्पीडुइनोच्या इग्निशन पिनेतून फक्त ५ व्होल्टचा इशारा निघतो, त्यावर कॉइल थेट जोडू नये. कॉइलमध्ये इग्नायटर (कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) असायला हवा किंवा बाहेर वेगळा बसवायला हवा. प्रायमरीला दोनच पिना असलेल्या कॉइलमध्ये इग्नायटर नसतो. तीन पिनांवरून मात्र खात्री धरू नका, कारण एका पॅकमध्ये दोन कॉइल असतील तर १२ व्होल्टची एक सामायिक आणि दोन प्रायमरी मिळूनही तीनच होतात. ड्वेल (कॉइल भरण्याचा वेळ) ३ मिलिसेकंदांपासून सुरू करा, दहा मिनिटांनी कॉइलला हात लावून पाहा. हात ठेववत नसेल तर कमी करा.

वायरिंग

इथे आठवडा गेला तरी चालेल.

सगळे जाड अर्थ इंजिन ब्लॉकवर एकाच बोल्टला: बोर्डाचे, कॉइलचे, वाइडबँडच्या हीटरचे. बोल्टखालचा रंग खरवडून धातू उघडा करा. तापमान, थ्रॉटल यांसारख्या सेन्सरचा अर्थ मात्र बॉडीला किंवा ब्लॉकला लावायचा नाही. तो स्वतंत्र वायरने बोर्डाच्या सेन्सर-अर्थ पिनेलाच परत यायला हवा. वाइडबँडच्या सिग्नलची अर्थही तिथेच. हे पाळलं नाही तर रेडिएटरचा पंखा सुरू झाल्यावर इंजिनचं तापमान स्क्रीनवर चार अंशांनी उडी मारताना दिसेल.

मुख्य रिले एक, पंपाचा रिले वेगळा, आणि पंपाचा रिले बोर्डाच्या ताब्यात. इंजिन बंद पडलं की पंप बंद पडलाच पाहिजे. अपघातात फुटलेल्या पाइपातून पेट्रोल उडत राहायला नको. फ्यूज बोर्डाला ५ अँपिअर, इंजेक्टरला १०, कॉइलला १५, पंपाला १५. सेन्सरला ०.५ स्क्वेअरची वायर चालते, पंप आणि अर्थला २.५. क्रँक सेन्सरची वायर शील्डची, आणि शील्ड बोर्डाच्या टोकालाच जोडलेली, दुसरं टोक मोकळं. सांधे शक्यतो क्रिंप करा. डाग दिलेला सांधा कंपनाने कडेला तुटतो. प्लग रेझिस्टरचेच वापरा, नाहीतर गाडी सुरू झाल्याबरोबर यूएसबी तुटतं आणि दोष लॅपटॉपला दिला जातो.

बोर्ड बॉनेटखाली ठेवू नका. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे बाहेरच ४२-४३ अंश असतात, बॉनेटखाली त्याच्या कितीतरी पुढे. डॅशबोर्डच्या आत, पायांच्या वर जागा मिळते. हार्नेसवर फ्लेक्सिबल पाइप चढवा. खेड्यात उभ्या राहणाऱ्या गाडीला उंदरांपासून जितका धोका असतो तितका दुसऱ्या कशापासूनच नसतो.

आणि एअर फिल्टर डब्यातलाच राहू द्या. बॉनेटखाली उघडा शंकूसारखा फिल्टर लावायची हौस असते. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ रिंगा खाते, वर तो गरम हवा ओढतो.

टेबलावरची तालीम

बोर्ड गाडीत घालण्याआधी घरी टेबलावर चालवा. दुसऱ्या अर्डुइनोवर अर्डुस्टिम नावाचं खुलं सॉफ्टवेअर टाकलं की ते ३६ वजा १ चाकाचा खोटा सिग्नल देतं. स्क्रीनवर आरपीएम स्थिर दिसला, इंजेक्टरच्या जागी लावलेले दिवे लुकलुकले की निम्मी चिंता मिटली.

सेन्सर इथेच कॅलिब्रेट करा. शीतकाचा आणि हवेचा तापमान सेन्सर बर्फाच्या पाण्यात, खोलीच्या तापमानाला आणि उकळत्या पाण्यात धरून रोध लिहून घ्या. हे तीन बिंदू सॉफ्टवेअरमध्ये भरले की पूर्ण वक्र तयार होतो. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, म्हणून पाणी इथे १०० ला नाही, सुमारे ९८ अंशांना उकळतं. तेवढं भरा.

त्याच उंचीमुळे किल्ली फिरवल्यावर, इंजिन बंद असताना, मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरने ९५ किलोपास्कलच्या आसपास दाखवायला हवं. १०० दाखवत असेल तर कॅलिब्रेशन चुकलंय. यावरून इंधनाच्या टेबलच्या ओळीही ठरतात, कारण प्रत्येक ओळ एका दाबाची असते. आपल्याकडे पूर्ण थ्रॉटललाही ९५ च्या वर फारसं जाणार नाही, म्हणून जास्त ओळी ३० ते ९५ मध्ये द्या. १०० ची ओळ ९५ वरूनच थोडी वाढवून भरून ठेवा; गाडी कसारा उतरून मुंबईकडे गेली तर तिथे ती लागेल.

पहिला स्टार्ट

इंजेक्टरचा फ्यूज काढा, प्लग काढा, सेल्फ मारा. आरपीएम २००-३०० दरम्यान सलग दिसायला हवा. मधूनच शून्य होत असेल तर सॉफ्टवेअरचा टूथ लॉगर उघडा. एक दाता गळालेला किंवा जास्तीचा लगेच दिसतो.

मग टायमिंग. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर स्थिर करा, प्लग परत लावा, पण इंजेक्टर बंदच. टायमिंग लाइट पहिल्या सिलेंडरच्या वायरवर. पुलीवरची खूण १० वर येईपर्यंत ट्रिगर अँगल बदला. स्पीडुइनोत हा आकडा म्हणजे मोकळ्या खाचेनंतरचा पहिला दाता सेन्सरसमोर येतो तेव्हा क्रँक टीडीसी (पिस्टन सर्वांत वर असण्याची जागा) ओलांडून किती पुढे गेलाय तो कोन. गाडी चालू झाल्यावर ३००० आरपीएमला पुन्हा तपासा, खूण तिथेच दिसली पाहिजे. स्क्रीनवरचं टायमिंग आणि पुलीवरचं टायमिंग जुळल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नका. बाकीच्या चुकांनी गाडी धक्के मारते. ही चूक पिस्टन फोडते.

आता इंजेक्टरचा फ्यूज लावा. जवळ अग्निशामक ठेवा, एका माणसाला फक्त पाइपांच्या सांध्यांवर नजर ठेवायला सांगा. रेव्ह लिमिट ३५०० वर ठेवा. आयडलच्या भागात व्हीई (सिलेंडर किती टक्के भरतो तो आकडा) ४० च्या आसपास भरलेलं असलं तर बहुधा गाडी पकडते. काळा धूर आणि ओले प्लग म्हणजे क्रँकिंगचं इंधन जास्त; नुसतं कोरडं फिरत राहून इंजिन शिंकलं तर कमी.

व्हीईचं टेबल

व्हीई म्हणजे त्या आरपीएमला, त्या दाबाला सिलेंडर प्रत्यक्षात किती टक्के भरतो. इंजिन ८० अंशांपर्यंत तापल्यावरच याला हात लावा, तोवर वॉर्मअपचं जास्तीचं इंधन चालू असतं. ॲक्सिलरेशन एनरिचमेंट (पाय दाबल्यावर मिळणारं जास्तीचं इंधन) कमीत कमी ठेवा, लॅम्डाची (गरजेच्या किती पट हवा आहे त्या आकड्याची) आपोआप दुरुस्ती पूर्ण बंद.

लॅम्डातच काम करा, एएफआरमध्ये (हवा आणि इंधनाच्या वजनी प्रमाणात) नको. बहुतेक वाइडबँड गेज लॅम्डाला १४.७ ने गुणून आकडा दाखवतात, टाकीत इथेनॉल २० टक्के असो की शून्य. लॅम्डा १ म्हणजे १, पेट्रोल कुठलंही असो. लक्ष्य असं: आयडलला ०.९५ ते १, संथ चालीला १, पूर्ण थ्रॉटलला ०.८६ ते ०.८८.

सूत्र एकच. जुनं व्हीई गुणिले मोजलेला लॅम्डा, भागिले लक्ष्य. ५८ होतं, लॅम्डा १.१० आला, लक्ष्य १, तर नवीन आकडा ६४. एका चौकटीत गाडी पाच-सहा सेकंद स्थिर राहिली तरच तो आकडा विश्वासाचा. शेजारच्या चौकटींत मोठी उडी दिसली की शंका घ्या. टेबलचा पृष्ठभाग गुळगुळीत चढायला हवा.

चालवणारा एक, लॅपटॉपवाला दुसरा. जागा खासगी: कारखान्याचं आवार, संस्थेचं मैदान, लांब शेतरस्ता. औट्रम घाटात चढावर लोड मिळेल म्हणून कुणी लॅपटॉप उघडत असेल तर त्याला खाली उतरवा. जास्त लोडच्या चौकटी वरच्या गिअरमध्ये हलका ब्रेक धरूनही भरता येतात, थोडा वेळच, ब्रेक तापतात.

टायमिंगचं टेबल याच्या उलट वागतं. तिथे मागे राहून सुरुवात करायची: पूर्ण थ्रॉटलला १००० आरपीएमला १०, २००० ला १८, ३००० ला २४, ४००० च्या पुढे २८ अंश, संथ चालीला ३२ ते ३५, आयडलला १२ ते १५. नॉकचा (मिश्रण अवेळी पेटल्याचा) खडखडाट कानावर आला तर त्या चौकटीतून तीन अंश काढा. डायनो (इंजिनची ताकद मोजायचं मशीन) नसताना शेवटची दोन अश्वशक्ती शोधायला जाऊ नये.

ऊन

व्हीईचं टेबल एप्रिल-मेमध्ये केलं की बरेच जण नकळत त्यात ऊन भरून ठेवतात. गाडी ट्रॅफिकमध्ये उभी, हवेचा सेन्सर ७०-७५ अंश दाखवतोय, मिश्रण पातळ, म्हणून आयडलचे आकडे वाढवले. डिसेंबरच्या सकाळी तीच गाडी धूर सोडते. परभणीत थंडीत पारा १० च्या खाली जातो आणि उन्हाळ्यात ४२ च्या वर; एवढ्या मोठ्या फरकाला व्हीई पुरत नाही, त्यासाठी हवेच्या तापमानाचं वेगळं करेक्शन टेबल असतं.

सेन्सर ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डमध्ये असेल तर तो हवेऐवजी धातूचं तापमान सांगतो. हवेचं तापमान ३० वरून ७५ अंशांवर गेलं असं बोर्डाला वाटलं की तो इंधन सुमारे १३ टक्क्यांनी कमी करतो. प्रत्यक्षात आत जाणारी हवा तेवढी तापलेलीच नसते. जेवायला थांबून अर्ध्या तासाने गाडी सुरू केली की ती फुसफुसते ती यामुळे, शिवाय तापलेल्या रेलमध्ये पेट्रोलची वाफ झालेली असते ती वेगळीच. सेन्सर थ्रॉटल बॉडीच्या आधी, प्लॅस्टिकच्या नळीत हलवा. मग करेक्शन टेबलमध्ये ६० अंशांच्या पुढची कपात थोडी सौम्य करा, आणि टायमिंगमधून ६० ला २ आणि ८० ला ५ अंश काढून घ्या. गरम स्टार्टसाठी आफ्टरस्टार्टचं इंधन ९० अंशांच्या बाजूला किंचित वाढवा. पहिले दहा-पंधरा सेकंद पुरे.

व्हीई शक्यतो सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान करावं. हवेचा सेन्सर तेव्हा खरं बोलतो. दुपारी फक्त करेक्शनची तपासणी. थंडीतलं क्रँकिंग आणि वॉर्मअप उन्हाळ्यात करता येतच नाही. ते डिसेंबरवर ठेवा आणि रोज पहाटेचा पहिला स्टार्ट लॉग करा, कारण थंड इंजिन दिवसातून एकदाच मिळतं.

ॲक्सिलरेशन एनरिचमेंट सगळ्यात शेवटी. पाय दाबल्यावर गाडी क्षणभर अडखळली आणि लॅम्डा पातळ गेला तर वाढवा, जाड गेला तर कमी करा. ॲक्सिलरेटर सोडून इंजिनवर वेग उतरताना इंधन तोडायची सोय चालू करा, १५०० आरपीएमच्या वर.

प्रत्येक बदलानंतर ट्यून फाइल नव्या नावाने साठवा, तारीख आणि एका ओळीत काय बदललं ते लिहून. तीच ट्यून दुसऱ्या मेगा बोर्डावर भरून तो ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. बीड आणि तुळजापूरच्या मध्ये कुठे बोर्ड गेला तर स्क्रूड्रायव्हरने पाच मिनिटांत बदलता येतो.